लाइम म्हणजे लिंबू का चुना? कसं ओळखायचं आणि मग काय करायचं

गावाकडं आमची मोसंबीची थोडी बाग आहे. दोनेक वर्षांपूर्वी झाडांच्या बुंध्यातून डिंक गळायला लागला तेव्हा चुलत भावाला कोणीतरी बुंध्याला लावायच्या बोर्डो पेस्टचं एक इंग्रजी माहितीपत्रक पाठवलं, त्याने ते मोबाईलच्या ॲपमधून मराठीत करून घेतलं आणि संध्याकाळी मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेटचे निळे खडे, घेऊन आला, सोबत एक किलो लिंबं. म्हटलं लिंबं कशाला रे, तर म्हणे यात लिहिलंय ना, एक किलो मोरचूद, एक किलो लिंबू, दहा लिटर पाणी. ॲपने लाइमचं लिंबू केलं होतं.

हसण्यावारी नेऊ नका कारण हा गोंधळ साधा नाहीये, एकदम उलटा आहे. लिंबू आंबट म्हणजे आम्ल, चुना त्याच्या बरोबर विरुद्ध, अल्क. मोरचूद स्वतःच आम्लधर्मी, त्याची धग मारायला चुना घालतात, तिथं तुम्ही लिंबू पिळलं तर झाड वाचायचं सोडून पोळेल.

इंग्रजीत हे शब्द मुळात वेगवेगळे आहेत, दिसायला एक झाले एवढंच. चुन्याचा लाइम हा जुन्या इंग्रजीतला, त्याचा अर्थ चिकटवणारी वस्तू, म्हणून पक्षी धरायच्या चिकट लेपालाही तिकडं बर्डलाइम म्हणायचे. फळाचा लाइम अरबीतून स्पॅनिश, फ्रेंच असा फिरत गेलेला. आणि तिसरा लाइम म्हणजे युरोपातलं लिंडेनचं झाड, त्याचा ना लिंबाशी संबंध ना चुन्याशी, त्यामुळे इंग्रजी कादंबरीत पोरगं पोरगी लाइमच्या झाडाखाली भेटली तर तिथं लिंबाचे काटे नसतात. आपल्याकडं बरंय, चुना संस्कृत चूर्णावरून आणि लिंबू निम्बूवरून, घोळच नाही.

आता ओळखायचं कसं, तर शेजारचा शब्द बघायचा. मागेपुढे प्लास्टर, मॉर्टर, वॉश, पावडर, स्टोन, सल्फर, हायड्रेटेड, क्विक असलं काही दिसलं की चुना. ज्यूस, झेस्ट, वेज, पिकल, सोडा असेल तर लिंबू. पण सोड्यातही खाच आहे, सोडा लाइम असं उलटं लिहिलं असेल तर ते हॉस्पिटलात भूल द्यायच्या मशीनमध्ये वापरायचं चुन्याचं मिश्रण, आणि फ्रेश लाइम सोडा म्हणजे आपला हॉटेलातला. दुसरी खाच अमेरिकेतल्या मंडळींसाठी, तिकडं दुकानात पिकलिंग लाइम नावाचं पाकीट मिळतं आणि लोणच्याचा मसाला समजून घेतलं तर फसाल, तो खाण्याच्या दर्जाचा चुना असतो, काकड्या कुरकुरीत राहाव्यात म्हणून त्या भिजवायला वापरतात आणि नंतर तीनचारदा खळखळून धुतात. आणि दुबई मस्कतकडं ब्लॅक लाइम दिसलं तर घाबरू नका, ते खारवून वाळवलेलं लिंबू.

तरीही शंका असेल, म्हणजे डब्यावर लेबलच नाही आणि आत पांढरी पावडर आहे, तर चव बिलकुल बघू नका. हळद घ्या. चिमूटभर हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर फासायची, वाळू द्यायची, मग ती पावडर थेंबभर पाण्यात कालवून काडीने त्यावर टेकवायची. चुना असेल तर डाग जागच्या जागी लालभडक होतो. आता त्याच लाल डागावर लिंबू पिळा, परत पिवळा. शर्टावर सांडलेल्या वरणाचा डाग साबण लावला की लाल होतो, तीच गंमत, म्हणजेच साबण आणि सोड्यानेही हळद लाल होते हे लक्षात ठेवा, या परीक्षेत लिंबूवाला पदार्थ नाही एवढं नक्की कळतं. हळदीचं कुंकू करतात ते असंच, कुठं चुना घालून तर कुठं लिंबाचा रस आणि टाकणखार घालून, म्हणजे एकाच कुंकवाला दोन्ही लाइम चालतात.

चुना आहे हे ठरलं की पुढचा प्रश्न, कुठला चुना. चुनखडी भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजली की कळीचा चुना होतो, तो पाणी बघितलं की पेटल्यासारखा तापतो. त्याला पाणी पाजून विरवला की विरलेला चुना, पानाला लावतो तो हाच, फक्त घोटलेला. आणि न भाजता नुसती दळलेली चुनखडी ही तिसरी, ती शेतात टाकायला.

कळीचा चुना विरवताना पाणी आधी, चुना नंतर. लोखंडी पिंप किंवा सिमेंटची टाकी घ्या, ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको कारण चुना ते खातो, आणि पातळ प्लास्टिकची बादली उष्णतेने वाकते. खडे थोडे थोडे सोडायचे, फसफसतं, वाफ येते, तोंड वर धरून बघत बसू नका, चष्मा आणि हातमोजे घाला. लांब काठीने ढवळायचं, दोनतीन दिवस पाण्याखाली ठेवायचं, मग फडक्यातून गाळायचं. चुन्याचा कण डोळ्यात गेला तर लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरावीस मिनिटं डोळा धरायचा आणि तसंच डॉक्टरकडं जायचं. उतारा म्हणून लिंबू पिळणारे महाभाग आहेत, तसलं काही करू नका. पूर्वी बांधकामाला हाच चुना घाणीत मळायचे, लोहगडावर ती घाणी अजून आहे, गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक, ट्रेकला गेलात तर बघा.

आता बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशी मारणारं मिश्रण, कारण माझं डोकं तिथंच अडकलंय. फ्रान्समधल्या बोर्डोजवळ रस्त्याकडेची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून शेतकरी वेलींवर मोरचूद आणि चुना मारायचे, मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की तेवढ्याच वेलींवर केवडा नावाचा बुरशीसारखा रोग पडत नाही, आणि १८८५ मध्ये त्याने ते जाहीर केलं. बुंध्याला लावायची पेस्ट एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. पाच लिटरमध्ये मोरचूद रात्रभर भिजवा, भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडी नाही. उरलेल्या पाच लिटरमध्ये चुना विरवा, हे मात्र लोखंडी डब्यात चालतं, आणि पूर्ण गार होऊ द्या. मग दोन्ही एकदम प्लास्टिकच्या पिंपात ओतत ढवळा, आकाशी निळं होतं. घासलेला चकचकीत विळा त्यात मिनिटभर बुडवा, पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद अजून मोकळा आहे, चुन्याची निवळी आणखी घाला, थर येईना झाला की तयार. दुकानातला विरलेला चुना वापरणार असाल तर तो वजनाने साधारण एक तृतीयांश जास्त लागतो. ब्रशने जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत लावा, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, आणि केलेलं त्याच दिवशी संपवा, उद्यावर ठेवू नका. फवारायचं असेल तर याच एकेक किलोला शंभर लिटर पाणी.

गच्चीवर बाग करणाऱ्यांना एक कळकळीने सांगतो, अमेरिकन व्हिडिओ बघून मातीत लाइम टाकू नका. त्यांच्याकडं बऱ्याच भागात जमीन आंबट म्हणून ते चुनखडी टाकतात. कोकणात जांभ्या जमिनीला ते एकवेळ चालेल, तेही माती तपासून. पण देशावरच्या काळ्या मातीत बऱ्याच ठिकाणी चुनखडी आधीच भरलेली असते, त्यात अजून घातली की झाडाला लोह मिळत नाही आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात.

लिंबाचं थोडक्यात. आपलं कागदी लिंबू म्हणजे इंग्रजीतला लाइम, लेमन नव्हे, तिकडचा लेमन पिवळा, मोठा, जाड सालीचा. त्यामुळे परदेशी रेसिपीत एक लेमन लिहिलं असेल तर आपली दोन लिंबं तरी धरा. थाई करीत लाइमची पानं लिहिलेली असतात ती मॅक्रूट लाइमची, कागदी लिंबाचा पाला टाकून तो वास येत नाही, टाकून बघितलाय.

आणि लाइमलाइट? तोही चुनाच. एकोणिसाव्या शतकात कळीच्या चुन्याचा गोळा ऑक्सिजन हायड्रोजनच्या ज्वाळेत तापवायचे, तो पांढराशुभ्र उजळायचा आणि तो उजेड नाटकात नटावर टाकायचे. म्हणजे कोणी लाइमलाइटमध्ये आला म्हणजे त्याला चुना लागला म्हणायला हरकत नाही, आपल्या अर्थाने नाही.

भावाने आणलेल्या त्या एक किलो लिंबांचं काकूने दुसऱ्याच दिवशी लोणचं घातलं. बरणीवर त्याने खडूने लिहिलंय, बोर्डो.