माउस बेडकासारखा उड्या मारत होता

लिनक्स मिंटवर माझा वायरलेस माउस मध्येच अडखळायचा, पॉइंटर टुणकन भलतीकडे जायचा. सेल बदलला, फरक शून्य. मग संशय ऑटोसस्पेंडवर: नुसत्या बसलेल्या यूएसबी उपकरणाला लिनक्स 2 सेकंदांत झोपवू शकतं. ते बंद केलं, तरी तेच. (एक संध्याकाळ उगाच गेली.)

शेवटी ध्यानात आलं, हा त्रास फक्त बॅकअप चालू असतानाच होतो! डोंगल (माउसचा सिग्नल पकडणारा यूएसबीचा छोटा तुकडा) आणि बाहेरची हार्ड डिस्क अगदी खेटून, दोन्ही निळ्या यूएसबी 3.0 पोर्टांत. यूएसबी 3.0 चा रेडिओ गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो, आणि माउस डोंगलशी त्याच पट्ट्यात बोलतो. माउसचा क्षीण सिग्नल त्यात बुडतो. ड्रॉवरमधली जुनी एक्स्टेंशन केबल लावून डोंगल कीबोर्डशेजारी आणला. आता बॅकअप चालू असला तरी पॉइंटर सरळ चालतो.