एजंटला फोल्डर डिलीटचं टूल देताय? मग त्याचं डॉक्युमेंटेशन असं लिहा

फोल्डर उडवायचं फंक्शन लिहायला काय लागतंय, पायथॉनमध्ये शटिल मॉड्यूलचं आरएमट्री हे फंक्शन एकदा बोलावलं की विषय संपला. पण एजंटला, म्हणजे तुम्ही दिलेली फंक्शनं (टूलं) स्वतः निवडून काम करणाऱ्या एआयला, तुमचा कोड दिसत नसतो, त्याला दिसतं फक्त टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरची (टूलला द्यायच्या माहितीची) यादी. त्यामुळं खरं काम तिथंच आहे आणि आपली पोरं तिथंच एक ओळ टाकून मोकळी होतात, "फोल्डर डिलीट करते", झालं.

उदाहरण आपल्या सांगलीचंच घेऊ. मार्केट यार्डातलं हळद-बेदाण्याचं अडत दुकान, कॉम्प्युटरवर शेतकऱ्यांच्या पट्ट्यांची (मालविक्रीच्या हिशोबाच्या कागदांची) वर्षावार फोल्डरं, शेजारी एक्स्पोर्टची टेंपररी फोल्डरं, आणि मालक एजंटला म्हणतो "जुनं काय असंल ते साफ कर की". आता ह्यात जुनं म्हणजे काय हे एजंटला तुमच्या वर्णनाशिवाय कोण सांगणार?

आधी नाव. क्लीनअप असलं गोड नाव देऊ नका, साफसफाईचं कुठलंही काम दिसलं की एजंट तेच उचलतो. डिलीट_फोल्डर_कायमचं असं सरळ नाव ठेवा, वाचतानाच जरा दचकायला पाहिजे.

वर्णनात पहिल्याच वाक्यात आतल्या फाइली आणि उपफोल्डरंपण जातात का ते लिहा, आणि लगेच परत मिळतं का ते. आरएमट्री रिसायकल बिनमधून जात नाही, थेट उडवतं. पायथॉनचंच ओएस मॉड्यूलमधलं आरएमडीआयआर मात्र फक्त रिकामं फोल्डर काढतं, भरलेलं असलं तर एरर देतं. दोघांच्या वागण्यात एवढा फरक, आणि वर्णन दोघांचं "फोल्डर डिलीट करते"! मी साधारण असं लिहीन:

"दिलेलं फोल्डर आतल्या सगळ्या फाइली आणि उपफोल्डरांसकट कायमचं काढतं. रिसायकल बिनमध्ये जात नाही, परत आणता येत नाही. फक्त एक्स्पोर्ट_टेंप च्या आतल्या फोल्डरांसाठी वापर. पट्ट्या किंवा खातेवहीच्या फोल्डरांसाठी वापरू नको, तिथं अर्काइव्हचं टूल वापर. युजरनं कुठलं फोल्डर ते स्पष्ट सांगितलं नसेल तर आधी त्याला विचार."

"वापरू नको" लिहून थांबायचं नाही, त्याऐवजी काय वापरायचं तेपण द्यायचं, नायतर एजंट काम उरकायच्या नादात तेच टूल परत मारतो. आणि जी हद्द वर्णनात लिहिली ती कोडमध्येपण असलीच पाहिजे, एक्स्पोर्ट_टेंपच्या बाहेरचा पाथ आला तर कोडनंच नाकारायचा.

पाथच्या (फोल्डर कुठं आहे त्या पत्त्याच्या) पॅरामीटरला "फोल्डरचा पाथ" एवढंच लिहू नका. पूर्ण पाथ पाहिजे, अर्धवट चालणार नाही, कारण अर्धवट पाथ प्रोग्राम कुठल्या फोल्डरातनं चालू झालाय त्यावर ठरतो. आणि आपल्याकडची खास भानगड म्हणजे मराठी नावं. "शेतकऱ्यांच्या पट्ट्या" ह्यातला ऱ्य दोन-तीन पद्धतीनं टाइप होतो, कुणी ऱ हे वेगळं अक्षर घेतं, कुणी साध्या र च्या पुढं झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं चिन्ह टाकतं. डोळ्याला सेम टू सेम, कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं. तसंच २०२३ आणि 2023 पण वेगळे. म्हणून वर्णनात लिहाच, "फोल्डर-यादीच्या टूलनं दिलेला पाथ जसाच्या तसा दे, स्वतः टाइप करू नको."

कन्फर्म नावाचं हो-नाहीचं पॅरामीटर बरेच जण ठेवतात. उपयोग शून्य. एजंट स्वतःच हो भरतो आणि पुढं जातो. त्यापेक्षा ड्राय रन ठेवा, म्हणजे न उडवता किती फाइली जाणार ती यादी मिळते, आणि खरी परवानगी माणसानं स्क्रीनवर बटण दाबूनच द्यायची.

एमसीपीवर टूल देत असाल (एजंटला टूलं जोडायचा, अँथ्रोपिक ह्या एआय कंपनीनं नोव्हेंबर 2024 मध्ये आणलेला प्रोटोकॉल) तर डिस्ट्रक्टिव्हहिंट (टूल काहीतरी उडवू शकतं) खरं आणि रीडओन्लीहिंट (टूल फक्त वाचतं) खोटं ठेवा. दोन्ही न लिहिता सोडले तरी असेच धरले जातात, पण लिहिलेलं बरं. शेवटी ते नुसते इशारे आहेत, कुलूप नाही.

आता एरर, ह्याकडं कुणी बघतच नाही. नुसतं "परवानगी नाही" आलं की एजंट हुशारी करतो, टर्मिनल हाताशी असंल तर तिथनं उडवायला जातो. त्यामुळं मेसेजमध्येच पुढचं पाऊल लिहा: "हे फोल्डर संरक्षित आहे, दुसऱ्या मार्गानं काढायचा प्रयत्न करू नको, युजरला सांग." विंडोजवर मुनीमजींनी एक्सेलची फाइल उघडी ठेवली असंल तर डिलीट मधेच अडतं, निम्म्या फाइली गेलेल्या, निम्म्या राहिलेल्या. असं होऊ शकतं हे वर्णनात पाहिजे, आणि उत्तरात काय गेलं, काय राहिलं त्याची यादी. फोल्डर आधीच नसंल तर ते यश की एरर तेपण ठरवून लिहा.

लिहून झालं की डमी फोल्डरांवर चालवून बघा, मुद्दाम मोघम बोलून. "मागच्या वर्षीचं काढून टाक" म्हणा. एजंटनं उलट विचारलं पाहिजे, कुठलं वर्ष, जानेवारी ते डिसेंबर का एप्रिल ते मार्च, आणि पट्ट्या का एक्स्पोर्ट. न विचारता डिलीट करायला निघाला तर मॉडेल बदलायच्या आधी वर्णन परत उघडा.