श्पेरकोंटो आणि जर्मनीचा व्हिसा: या चुका टाळा

जून उजाडला की माझ्या फोनला रात्री अकरानंतर कंठ फुटतो. इथे आखेनमध्ये अकरा म्हणजे सांगलीत पहाटेचे अडीच. त्या वेळी जागं असलेलं पोर हमखास एकच विचारतं, "ताई, पैसे तर पाठवले, मग कन्फर्मेशन का येत नाही?" दरवर्षी पोरं नवी आणि चुका त्याच. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: जर्मनीत शिकायला यायचं तर वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधी एका गोठवलेल्या खात्यात भरायचे. हाच श्पेरकोंटो, म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. रक्कम ११,९०४ युरो. इथे आल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. मध्येच लॅपटॉप बिघडला म्हणून जास्त मागितले तर मिळत नाहीत.

जुना आकडा धरून बसणं

११,९०४ हा आकडा १ सप्टेंबर २०२४ पासूनचा. त्याआधी ११,२०८ होता, त्याच्याही आधी १०,३३२. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ कुणी काढून टाकत नाही. नोकरी शोधायला चान्सनकार्टेवर येणाऱ्यांची रक्कम याहून मोठी आहे. तेव्हा रूममेटच्या दादाने किती भरले ते विचारू नका. पैसे पाठवायच्या दिवशी सकाळी जर्मन वकिलातीच्या संकेतस्थळावरचा आकडा बघा आणि मगच बँकेत जा.

नेमकी तेवढीच रक्कम पाठवणं

ही माझी लाडकी चूक. एका मुलाचे वडील बँकेत गेले. फॉर्मवर ११,९०४ युरो लिहिले, शिक्का मारून घेतला, पावतीचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. पेढे वाटायचेच बाकी होते. पाच दिवसांनी खात्यात आले ११,८८३. मधल्या बँकेने वाटेत आपली दक्षिणा कापून घेतली होती. श्पेरकोंटोवाल्यांचं उत्तर सरळ होतं: रक्कम पूर्ण नाही, प्रमाणपत्र नाही.

मुलाने मला विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने वडिलांना सांगितलं, "बाबा, २१ युरो पाठवा." बाबा परत बँकेत, परत फॉर्म, परत सह्या. २१ युरो पाठवायला बँकेने जे शुल्क घेतलं ते २१ युरोंहून जास्त होतं, आणि मधल्या बँकेने पुन्हा हात मारल्यावर पोचले जेमतेम चार. व्हिसाची अपॉइंटमेंट सहा दिवसांवर. शेवटी तिसऱ्यांदा शंभर युरो पाठवले तेव्हा कुठे व्हिसासाठी लागणारं ते प्रमाणपत्र आलं, तेही अपॉइंटमेंटच्या आदल्या संध्याकाळी. मुलाच्या आईने त्या आठवड्यात दोन संकष्ट्या केल्यासारखा उपास केला म्हणे.

फॉर्मवर परदेशी बँकेचं शुल्क कुणी भरायचं याचा एक रकाना असतो. तिथे "पाठवणारा" निवडा. बँकेतला माणूस "सगळे शेअर्डच करतात" म्हणेल. म्हणू दे. ते करूनही मी वर शंभर युरो जास्तच पाठवायला सांगते. खातं उघडून देणाऱ्या कंपनीचं शुल्क वेगळं असतं, ते त्या शंभरात धरू नका. आणि कंपनीने दिलेला संदर्भ क्रमांक शेरा लिहायच्या जागी टाकायला विसरू नका. नाहीतर तुमचे बारा लाख जर्मनीत बेवारस फिरत राहतात.

कराचंही आधी बघा. एका पॅनवरून वर्षाला दहा लाखांच्या वर परदेशी पैसे गेले की वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. रिटर्न भरल्यावर तो वळता होतो, पण आत्ता खिशातून जातोच. एप्रिल २०२५ पासून शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांवर तो लागत नाही. वडिलांच्या खात्यात अगदी मोजून पैसे ठेवले असतील तर नेमका हाच हिशेब चुकतो.

नाव

आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचं नाव चिकटलेलं असतं. श्पेरकोंटो उघडताना मुलं फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव टाकतात. पासपोर्टवर जे आणि जसं आहे ते अक्षरन् अक्षर उतरवा. भारतातली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या एपीएस प्रमाणपत्रालाही तेच.

सातबारा घेऊन जाणं

सीएचं सर्टिफिकेट, सोन्याचं मूल्यांकन, एलआयसीच्या पॉलिसी, सातबारा. यातलं काहीही श्पेरकोंटोच्या जागी चालत नाही. द्राक्षबाग कितीही एकरांची असो.

काका जर्मनीत असतील तर एक रस्ता आहे, पण काकांनी साध्या कागदावर "मी पुतण्याची काळजी घेईन" असं लिहून भागत नाही. त्यांनी आपल्या शहरातल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात पगाराच्या पावत्या दाखवून रीतसर हमीपत्र करायचं, २९ युरो भरायचे, आणि त्यावर मुक्कामाचं कारण "शिक्षण" असलं पाहिजे. आजीआजोबांना फिरायला बोलावताना केलेलं हमीपत्र पुतण्याला लावता येत नाही. शिवाय हे जबाबदारीचं काम आहे. पुतण्याच्या खर्चासाठी सरकार उद्या काकांना विचारू शकतं. काका "बघू" म्हणाले तर ते नाही म्हणताहेत असं समजा.

"फंड अरेंज करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागणं

इथे मी जरा चिडून लिहिणार आहे. एका मुलाला कुणा एजंटाने सांगितलं, पैशांची काळजी नको, आम्ही भरतो, तू फक्त कमिशन दे आणि दर महिन्याला सुटणारे पैसे आम्हाला परत पाठव. व्हिसा झटपट मिळाला. घरचे खूश.

मग तो इथे आला. एक तारखेला खात्यात ९९२ युरो यायचे आणि दोन तारखेला त्या माणसाने सांगितलेल्या खात्यात जायचे. याच्याकडे शून्य. खोलीचं भाडं, आरोग्यविमा, रेडिओची फी, जेवण, सगळं गोदामातल्या रात्रपाळीवर. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. ते दिवस वर्ष संपायच्या आधीच संपत आले. सकाळच्या लेक्चरला डोळे उघडायचे नाहीत. तीन पेपर गेले.

वर्ष संपताना इथे राहायच्या परवान्याची मुदतवाढ मागायला गेला तर समोरच्या बाईंनी तीन महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं. त्यांनी कागदावर बोट ठेवून विचारलं, "पैसे येतात आणि दुसऱ्या दिवशी जातात. तुम्ही जगता कशावर?" मी दुभाषी म्हणून शेजारी बसले होते. मला जर्मन येतं, पण याचं उत्तर कुठल्याच भाषेत नव्हतं. शेवटी घरी आईच्या बांगड्या गहाण पडल्या, घाईघाईने कर्ज काढलं, पुढच्या वर्षाची रक्कम खरोखरीची भरली, तेव्हा कुठे परवाना वाढला. कर्ज हे आधीच काढता आलं असतं, एका सहामाहीने उशिरा आला असता, इतकंच. पण एवढी उसंत आजकाल कुणाला आहे?

पहिल्या महिन्यासाठी काहीच न ठेवणं

विमानातून उतरलात की ९९२ युरो हातात येत नाहीत. पैसे सुटायला इथलं चालू खातं लागतं, बरेचदा पत्त्याची नोंदणी म्हणजे आनमेल्डुंग लागते, आणि नोंदणीला घरमालकाची सही असलेला कागद. तो काढता काढता तीन-चार आठवडे सहज जातात. दरम्यान घरमालक अनामत मागतो, ती मूळ भाड्याच्या तिप्पट असू शकते. श्पेरकोंटोशिवाय निदान दोन हजार युरो फॉरेक्स कार्डवर घेऊन या. मी स्वतः आठशे आणले होते. पहिले अठरा दिवस मी भात आणि मेतकूट खाल्लं.

मुदतवाढीची तारीख विसरणं

अपॉइंटमेंट मिळायला महिने लागतात, हे खरं. पण लक्षात ठेवायची ती अर्जाची तारीख. मुदत संपायच्या आधी अर्ज पोचला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरला जातो. एक दिवस उशीर झाला की हे संरक्षण आपोआप मिळत नाही. माझ्या ओळखीतल्या सगळ्या मुलांच्या तारखा मी कॅलेंडरमध्ये टाकून ठेवल्या आहेत, तीन महिने आधीच्या. त्या दिवशी मी प्रत्येकाला विचारते, "अर्ज केलास का?"

निळ्या टिका लगेच येतात. उत्तर साधारण आठवड्याने येतं, रात्री अकरानंतर.