नियम पाठ असूनही आठवण निर्णयात शिरते का: चाचणी कशी रचावी

स्पष्ट नियम दिलेला असतानाही माणूस आधी पाहिलेल्या उदाहरणाच्या साम्यावरून नव्या गोष्टीचा वर्ग ठरवतो का, हे तपासायचे असेल, तर खरी मेहनत चित्रांच्या रचनेत आहे. मानसशास्त्रज्ञ स्कॉट अ‍ॅलन आणि ली ब्रूक्स यांनी १९९१ मध्ये काल्पनिक प्राण्यांची चित्रे वापरून हीच तपासणी केली होती. पुढील आराखडा त्याच धर्तीचा आहे.

लांब मिशा, टोकदार पंख आणि अंगावर पट्टे यांपैकी किमान दोन लक्षणे असलेला कीटक ‘अ’ वर्गाचा, अन्यथा ‘ब’ वर्गाचा, असा नियम सहभागी व्यक्तीला सुरुवातीलाच सांगावा. मग काही मोजकी चित्रे पुनःपुन्हा दाखवून, प्रत्येक उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळवत सराव घ्यावा.

आता कळीचा भाग. लांब मिशा आणि पट्टे असलेला, पण पंख गोल असलेला कीटक चाचणीसाठी राखून ठेवावा. नियमाने तो ‘अ’ आहे. एका गटाला सरावात त्याचेच बिनपट्ट्यांचे जुळे, म्हणजे बाकी सगळे तेच असलेले चित्र, दाखवावे, जे ‘ब’ ठरते, आणि दुसऱ्या गटाला टोकदार पंखांचे जुळे, जे ‘अ’च राहते. चाचणीचे चित्र दोन्ही गटांना एकच असल्यामुळे चुकांमधला फरक नियमाच्या अवघडपणावर ढकलता येत नाही. अर्थात पंखांतला बदल आणि पट्ट्यांतला बदल डोळ्यांना सारखाच ठळक वाटायला हवा, नाहीतर तुलना लंगडी पडते.

चित्रे साच्यातून काढल्यासारखी नसावीत. रेगर आणि ब्रूक्स यांच्या १९९३ च्या प्रयोगांनुसार, एकाच घडणीचे सुटे भाग अदलाबदल करून बनवलेल्या चित्रांत साम्याचा प्रभाव ओसरतो. प्रत्येक कीटकाला स्वतःचा चेहरामोहरा असला, तरच तो अखंड रूपात लक्षात राहतो. नवशिके बहुधा इथेच आळस करतात.

चुकांबरोबर प्रतिसादाला लागलेला वेळही नोंदवावा, कारण विसंगत, म्हणजे ‘ब’ वर्गाचे, जुळे पाहिलेली व्यक्ती बरोबर उत्तर देतानाही अडखळू शकते. शेवटी प्रत्येकाकडून नियम लिहून घ्यावा: तो अचूक लिहूनही चाचणीतला कीटक ‘ब’मध्ये टाकणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात लक्षणीय असेल, तर नियम विसरला गेला हे स्पष्टीकरण बाद होते.