हनुवटीवरचे केस: मसूर डाळ, गोळीबंद पाक आणि पुदिना

सकाळी साडेनवाच्या उन्हात स्कूटीच्या आरशात हनुवटीवरचे केस जेवढे लख्ख दिसतात, तेवढे पार्लरच्या दिव्याखालीही दिसत नाहीत. सिग्नलला थांबले की माझा हात आपोआप तिथे जायचा. सोलापूरच्या उन्हात तोंडाला स्कार्फ बांधूनच सगळ्या फिरतात, त्यामुळे माझं सात वर्षं झाकून गेलं.

त्या सात वर्षांत बरेच प्रयोग झाले. आता कुणी विचारलं तर मी आधी उन्हात उभं करून केस बघते. गालावर, ओठावर मऊ, फिकट लव असेल तर स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी काम भागतं. हनुवटीवर, जबड्याखाली राठ, काळे, बोटाला टोचणारे केस असतील तर कितीही डाळ चोळा, ते तिथेच राहणार.

लवेसाठी मसूर डाळीचं उटणं. दोन चमचे वस्त्रगाळ पीठ (रवाळ असलं तर चेहरा सोलवटतो), चिमूटभर आंबेहळद आणि कालवण्यापुरती साय. पातळ थर द्यायचा आणि अर्धवट वाळू द्यायचा. कडक वाळला की ओढताना डोळ्यांत पाणी येतं. मग बोटांना तेलाचा थेंब लावून केसांच्या उलट्या दिशेने हलक्या हाताने चोळायचं. बाळाच्या अंगावर पिठाची लाटी फिरवतात ना, तोच हात. आठवड्यातून दोनदा पुरे. थोडी लव निघते, मळ निघतो, पण मूळ जागेवरच असतं, त्यामुळे सोडलं की परत येते. पिंपल्स असतील तर हे करूच नका.

राठ केसांसाठी मी साखरेचा पाक करते. एक वाटी साखर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, दोन मोठे चमचे पाणी, मंद आच. रंग गडद मधासारखा झाला की गार पाण्यात थेंब टाकून बघा, मऊ गोळी वळली पाहिजे. लाडवांचा पाक जमणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. तरी पहिल्यांदा माझी चिक्की झाली आणि ती मुलाने खाल्ली. पाक कोमट होऊ द्या, आधी मनगटावर लावून बघा; गरम पाकाने चेहरा भाजला तर डाग महिनोन्‌महिने जात नाही. केसांच्या उलट्या दिशेने पसरायचा आणि केसांच्या दिशेने झटक्यात काढायचा. एका वेळी रुपयाच्या नाण्याएवढीच जागा. उरलेलं पाण्याने धुतलं जातं.

करडईचं तेल आणि म्यानमारची थानाका पावडर कायमचे केस घालवते असं ऐकलं म्हणून मीही दोन महिने लावली. तेल घरचंच होतं म्हणून पैसे तरी वाचले. पुरळ आलं, केस होते तेवढेच. लिंबू लावून उन्हात बसण्याचा सल्ला तर कुणाचाच ऐकू नका, कातडी काळवंडते. आणि हो, रेझर फिरवला की केस दाट होतात हे खोटं आहे. टोक बोथट कापलं जातं, म्हणून हाताला राठ लागतं.

शेवटी एका वैद्यबाईंकडे गेले. त्यांनी चेहऱ्याआधी पाळीच्या तारखा विचारल्या. चरकाने ज्या आठ निंदित शरीरांची यादी दिली आहे तिच्यात अतिलोमा, म्हणजे फार केसाळ, हाही एक प्रकार आहे, असं त्या म्हणाल्या. ‘निंदित’ शब्दाचा मला रागच आला, पण दोन हजार वर्षांपूर्वीही हे होतंच, याने बरंही वाटलं. त्यांनी दुपारची झोप, दही आणि मैदा बंद केला, रात्रीचं जेवण साडेसातच्या आत आणलं आणि रक्त तपासायला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. निघालं पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा आणि हार्मोनचा बिघाड; यालाच पीसीओएसही म्हणतात. त्यात इन्शुलिन वाढलं की अंडाशयातून पुरुषी हार्मोन जास्त सुटतं आणि त्याने लवेचा राठ केस होतो. म्हणून वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी फरक पडतो.

पुदिन्याचा चहा मी तेव्हाच सुरू केला. आठ-दहा पानं कपभर उकळत्या पाण्यात टाकून पाच मिनिटं झाकायची, दिवसातून दोनदा. 2010 साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात पीसीओएस असलेल्या बायकांनी महिनाभर असा चहा घेतल्यावर हे पुरुषी हार्मोन उतरलं. मात्र डॉक्टरांच्या मोजणीत केस कमी भरले नाहीत. महिनाभरात भरणारही नाहीत, केसाचं चक्र मोठं असतं. सहा महिने धरा. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर हा चहा औषध म्हणून घेऊ नका. नाव नसलेल्या पुड्याही कुणाकडून घेऊ नका.

दोन-चार महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला किंवा डोक्याला टक्कल पडू लागलं तर उटणं ठेवा बाजूला, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

चिमटा लावला की मी कॅलेंडरवर ‘ह’ लिहिते. पहिल्या महिन्यात सात ‘ह’ होते, या महिन्यात दोन. डॉक्टरांच्या गोळ्याही चालू आहेत, त्यामुळे एकट्या पुदिन्याला श्रेय देणार नाही.