मराठी पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन होत नाही

ज्येष्ठांच्या लक्षात राहावा म्हणून सिस्टमने निवडलेल्या चार शब्दांचा पासवर्ड: 'दऱ्या पिंपळ तांब्या झोका'. एका फोनवर चालतो, दुसऱ्यावर 'चुकीचा पासवर्ड'. अक्षरं मोठी केली, टाइप केलेलं दिसू दिलं, उपयोग नाही. आजी-आजोबा स्वतःलाच विसराळू ठरवत होते, ते बघवत नव्हतं.

मूळ 'ऱ्या'त. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ पाठवतात, काही साधा र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह, ZWJ). दिसायला सारखं, हॅश (पासवर्डपासून बनवून साठवलेला सांकेतिक ठसा) वेगळा. नुसतं एनएफसी (एकच अक्षर वेगवेगळ्या कोडने आलं तर ते एका रूपात आणणारी युनिकोडची पद्धत, NFC) पुरत नाही.

क्रम असा: एनएफसी करा, ऱ चा र करा, झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (अक्षरं सुटी ठेवणारं, तसंच न दिसणारं चिन्ह, ZWNJ) काढा, जादा स्पेस काढा, मगच हॅश. पासवर्ड ठेवताना आणि तपासताना, दोन्हीकडे. जुना हॅश जुन्या पद्धतीने जुळला की लगेच नव्याने साठवा.