इशाऱ्याची वचने कशी वाचावीत : योनाच्या पुस्तकावरून

पवित्र शास्त्रातील इशाऱ्याची वचने पुष्कळ विश्वासणारे एक तर टाळतात, किंवा दुसऱ्याला ऐकवण्यासाठी राखून ठेवतात. ती स्वतःसाठी वाचायला शिकायचे असेल, तर जुन्या करारातील योना या संदेष्ट्याच्या पुस्तकापासून सुरुवात करावी. चार अध्याय आणि 48 वचने एका बैठकीत वाचून होतात. निनवे या अश्शूरी नगराला इशारा द्यायला देवाने पाठवलेला योना उलट दिशेने पळतो आणि मोठा मासा त्याला गिळतो, ही गोष्ट बहुतेकांना लहानपणापासून पाठ असते, त्यामुळे पहिले दोन अध्याय भराभर वाचून तिसऱ्यापाशी थांबावे.

योनाचा सगळा उपदेश तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात आला आहे : चाळीस दिवसांनी निनवे उलथून पडेल. मूळ इब्रीत हे अवघे पाच शब्द आहेत. त्यांत पश्चात्तापाचे आवाहन नाही, क्षमेचे आश्वासन नाही, देवाचे नावसुद्धा नाही. येथे वहीत दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात : कोणते संकट सांगितले आहे आणि त्याआधी किती अवधी दिला आहे. आपली नजर संकटावर खिळते. निनवेकरांनी अवधी हेरला. ज्याला नगर बुडवायचेच आहे तो चाळीस दिवस आधी माणूस कशाला पाठवील? राजा सिंहासनावरून उठून राखेत बसला, गुराढोरांवरही गोणपाट घालण्याचा हुकूम निघाला, आणि हे सारे 'कोणी सांगावे, देव कदाचित वळेल' एवढ्याच आशेवर. उलथण्यासाठी येथे वापरलेले इब्री क्रियापद देवाने पापामुळे नष्ट केलेल्या सदोम नगराच्या नाशासाठी येते, तसेच इस्राएलाचा पहिला राजा शौल पालटून दुसरा मनुष्य होईल असे सांगतानाही येते. तेव्हा नगर उलथले की नाही, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

चौथा अध्याय मात्र सावकाश वाचावा. नगर वाचले म्हणून योना संतापतो आणि आपण आधी का पळालो हे स्वतःच सांगतो : देव कृपाळू आणि मंदक्रोध आहे हे त्याला ठाऊक होते. म्हणजे इशाऱ्यामागची माया सर्वांत आधी ओळखली ती इशारा देणाऱ्यानेच, आणि नेमकी तीच त्याला नको होती.

हीच पद्धत मग लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायाला लावून पाहावी. पश्चात्ताप न केल्यास तुमचाही नाश होईल, असे येशू तेथे दोनदा बजावतो, आणि लगेच न फळणाऱ्या अंजिराचा दाखला सांगतो. तीन वर्षे वाट पाहिलेला मालक झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो आणि भोवती खणून खत घालीन म्हणतो. वरची कठोर वाक्ये या माळ्याच्या मातीने भरलेल्या हातांसह वाचावीत.

अवधी मिळाला म्हणून इशारा पोकळ ठरत नाही, हेही नोंदवावे. नहूम या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात त्याच निनवेवर पुन्हा न्याय सुनावला आहे, आणि इ.स.पू. 612 मध्ये ते नगर खरोखरच पडले.

अभ्यासगटात वाचन करायचे असल्यास योनाचे शेवटचे वचन मोठ्याने वाचावे. उजवा-डावा हात न ओळखणारी 1,20,000 हून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे असलेल्या नगराची मी कीव करू नये काय, असे देव विचारतो. योनाचे उत्तर पुस्तकात नाही. तेथे घाईने समारोपाच्या प्रार्थनेकडे वळू नये. कोणाला तरी उत्तर द्यावेसे वाटेपर्यंत थांबावे.